जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण

पाऊस सरला की गोव्यात दारच्या जास्वंदीच्या शेंड्यांना कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसतं. तो पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. माझ्या माळीकामाचा सोमवार बहुतेक त्याच्यातच जातो.

आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. त्या याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. रांग मोडली नाही तर फवारणी फुकट. फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उरलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार मारा. मग १ लिटर कोमट पाण्यात १-२ मिली पातळ साबण ढवळून त्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल घाला. पानांच्या खालून, बेचक्यांत, आणि संध्याकाळीच फवारा. उन्हात तेलाचा गुण जातो, पानंही करपतात. आठवड्याने पुन्हा एकदा.

बाकीचे दिवस पाणी आणि छाटणी, त्यात सांगण्यासारखं फार नाही. शुक्रवारी मात्र म्हापशाचा बाजार, रोपं बघायला.

आणि जमलं तर फोंड्याकडचं एखादं कुळागर, म्हणजे सुपारीची मिश्र बाग, बघून या. पोफळीवर चढलेली मिरवेल, खाली केळी, अननस, आणि झावळ्या तिथेच कुजणाऱ्या. आपली तांबडी जांभ्याची माती पावसात सत्त्व गमावते, म्हणून ती उघडी ठेवत नाहीत. घरच्या आळ्यातही नारळाची सोडणं पालथी अंथरा, फक्त बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी राहू द्या.