एटीएम कार्ड सावकाराकडे गहाण असेल, तर गल्लीनं मिळून काय करायचं

मी सांगलीजवळच्या कुपवाडला राहते आणि आमच्या महिला बचत गटाचा हिशेब लिहिते. एमआयडीसीतले पगार साधारण ७ ते १० तारखेला जमा होतात, पण पगार ज्या खात्यात पडतो त्याचं कार्ड कित्येक घरांत नसतंच. ते पिनसकट सावकाराकडे असतं. तो आधी आपलं व्याज काढतो, मग उरलेलं कामगाराच्या हातावर ठेवतो. महिना सरायच्या आत किराणा संपतो आणि पुन्हा त्याच्याच दारात जावं लागतं. लोक वर म्हणतात, ‘अडीनडीला तोच उभा राहतो.’ माझं म्हणणं एवढंच आहे की हे एकट्या घरानं निस्तरायचं प्रकरण नाही. एकटा माणूस तक्रारीला गेला की दुसऱ्या दिवशी दारात चार जण येतात. आठ-दहा घरं आपापले कागद घेऊन एकत्र गेली, तर दमदाटी करणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

सुरुवात हिशेबापासून करा, भाषणापासून नको. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी दवाखान्यासाठी २०,००० रुपये शेकडा दहानं घेतले होते, म्हणजे महिन्याला २,००० व्याज. दीड वर्षात ३६,००० गेले आणि मुद्दल जिथल्या तिथं. आता कायदा बघा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालासुद्धा दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. वर्षाला, महिन्याला नव्हे. चक्रवाढ लावता येत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. वहिनींचे तेच २,००० रुपये १८ टक्क्यांच्या हिशेबात धरले, तर अकराव्या महिन्यात व्याज-मुद्दल सगळं फिटतं. म्हणजे चौदा हजारांवर रक्कम जास्तीची गेली. हा तक्ता वहीच्या पानावर मांडून दाखवला तेव्हा वहिनी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘मग मी अजून कशाचं देतेय?’ प्रत्येक घराचं असं एक पान करा: रक्कम, तारीख, हातात प्रत्यक्ष किती आले (पहिला हप्ता कापूनच देतात), आजवर किती भरले, काय काय ठेवून घेतलंय.

मग पुरावे. सावकार पावती देत नाही म्हणून लोक हातपाय गाळतात, पण पासबुक बोलतं. गेल्या दोन वर्षांचं पासबुक बँकेतून भरून आणा. पगार पडल्याच्या दिवशीच, दर महिन्याला, बहुधा एकाच एटीएममधून तेवढीच रक्कम निघालेली दिसेल. त्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारा. फोन पे, गुगल पेवर पाठवलेल्या रकमा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे धमकीचे निरोप, कॉलची नोंद, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरही ठेवा. कोरे चेक दिले असतील तर चेकबुकातले नंबर लिहून काढा. सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर, नोटरी, साठेखत किंवा खरेदीखत असेल तर त्याचीही नोंद हवी. रक्कम कोरी ठेवून कागद करून घेणं परवानाधारकालाही चालत नाही.

पासबुक भरून झालं की बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा आणि नवं कार्ड, नवा पिन घ्या. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हेही तपासा. मात्र हे सगळ्या घरांनी एकाच पगाराच्या आधी करायचं. एकानं आज, दुसऱ्यानं पुढच्या महिन्यात केलं, तर पहिल्याच्या दारात तमाशा होतो. ठरलेली तारीख गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, घरोघरी तोंडी सांगा.

तालुक्यात परवाना कुणाकडे आहे, हे सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात समजतं. तोंडी उत्तर मिळालं नाही, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात यादी मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यादीत नाव नसेल तर तो धंदाच गुन्हा ठरतो: ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वसुलीसाठी छळ केला, पाळत ठेवली, तर त्याला वेगळी शिक्षा आहे. कर्ज देताना परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूनं दिवाणी कोर्ट वसुलीचा हुकूमनामाही देत नाही. लोकांना सर्वांत जास्त धीर याच गोष्टीनं येतो, म्हणून ती बैठकीत दोनदा सांगा.

अर्ज प्रत्येक घराचा वेगळा करा, पण द्यायला सगळे मिळून जा. सामूहिक निवेदनावर चाळीस सह्या असतात आणि जबाब द्यायला कुणीच पुढे येत नाही. अर्ज सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या नावानं, प्रत पोलिस ठाण्याला. ‘फार पिळवणूक होते’ असं लिहून भागत नाही. कार्ड कुठल्या बँकेचं, चेक कुठल्या नंबरचे, व्यवहार कुठं बसून झाला, वही कुठं ठेवतो, हे लिहा. अधिकाऱ्यांना घराची-दुकानाची झडती घेण्याचा अधिकार आहे, आणि नेमकी माहिती असेल तरच झडतीत चेक आणि वह्या हाती लागतात. जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल, तर तो व्यवहार कर्जाच्या तारणापोटी झालाय हे दाखवून मालमत्ता परत मागता येते. त्याला कालमर्यादा आहे, तेव्हा हा अर्ज सगळ्यांत आधी टाका. शिक्का मारलेली पोहोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

दाद लागली नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, आहे: तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी आणि वैयक्तिकच लागतो. वेगवेगळे अर्ज इथंही कामी येतात. खेड्यात असाल तर ग्रामसभेत विनापरवाना सावकारीच्या चौकशीचा ठराव मांडा. ठरावाच्या कागदावर सही गावाची असते, एकट्यादुकट्याची नाही.

चिडलेला सावकार बहुतेक वेळा कोरा चेक बँकेत टाकतो. चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस येते, ती फेकून देऊ नका. मिळाल्यापासून १५ दिवस हातात असतात. नोटीस, अर्जाची पोहोच आणि हिशेबाचं पान घेऊन त्याच आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कामगारांना तिथं वकील मोफत मिळतो. फोन नंबर १५१००.

तरुण पोरं आता सावकाराऐवजी मोबाइलवरच्या अ‍ॅपकडे वळलीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाआधी वार्षिक दरासह सगळा खर्च दाखवणारं पत्रक द्यावं लागतं, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यावे लागतात आणि अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर, फोटो बघता येत नाहीत. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही. बँक किंवा वित्त कंपनीनं ३० दिवसांत तक्रार मिटवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) फुकट दाद मागता येते. मागे कुठली बँक-कंपनीच नसलेल्या अ‍ॅपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्याच ‘सचेत’ पोर्टलवर करा. फोटो बदलून बदनामीची धमकी आली, तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरला फोन करा.

आता मुख्य प्रश्न: दवाखाना उद्या निघाला तर पैसे कुठून आणायचे? याचं उत्तर तयार नसेल तर वरचं सगळं दोन महिन्यांत वाया जातं. आम्ही गटात आजारपणासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवतो. ती त्याच दिवशी मिळते, बैठकीची वाट बघावी लागत नाही. कारखान्यात पगारदार पतसंस्था आहे का, ते विचारा. नसेल तर पगारावर ठरावीक उचल द्या, हप्ता पगारातून कापा, अशी लेखी मागणी कामगारांनी मिळून मालकाकडे करावी. मागणीच्या कागदावर शंभर जणांची सही असली तर फार चांगलं, पण सुरुवातीला कारखान्याच्या एकाच विभागातल्या वीस जणांची असली तरी ती देऊन टाका आणि पोहोच मागा.