इटलीच्या सरोवरांकाठी मुक्कामाचे गाव कसे निवडावे

साताऱ्यातून इटलीला निघालेल्या कुटुंबाच्या कार्यक्रमात रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांच्या बरोबरीने सरोवरांसाठी बहुधा तीनच दिवस उरतात, आणि त्या तीन दिवसांत कोमो, गार्दा व माज्जोरे या तिन्ही सरोवरांवरची सहा-सात गावे कोंबलेली असतात. असे केल्यास सरोवर खिडकीतून दिसते आणि दिवस बॅगा ओढण्यात जातो. म्हणून एकच सरोवर निवडावे, त्याच्या काठावरच्या एकाच गावात मुक्काम करावा आणि बाकीची गावे बोटीने पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहायला सुंदर गाव आणि राहायला सोयीचे गाव ही पुष्कळदा वेगवेगळी असतात, आणि निवड करायची असते ती दुसऱ्याची.

पहिला विचार बरोबर येणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांचा करावा. या सरोवरांचे काठ डोंगरांनी धरलेले असल्यामुळे बहुतेक जुनी गावे उतारावर आहेत, आणि तिथल्या पुष्कळशा गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच असतात. वाईचा घाट उतरताना ज्यांना हात धरावा लागतो, त्यांच्यासाठी कोमो सरोवराकाठच्या बेलाज्जो या गावातल्या पायऱ्यांच्या गल्लीतले हॉटेल घेऊ नये. आरक्षण करण्यापूर्वी धक्क्यापासून किंवा स्टेशनापासून हॉटेलापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट आहे का, हे पत्र पाठवून विचारून घ्यावे.

कोमो सरोवर उलट्या वाय अक्षराच्या आकाराचे आहे. तापोळ्याला कोयना आणि सोळशी यांचे पाणी एकत्र येते, ती जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना बेलाज्जोचे स्थान लगेच समजेल, कारण सरोवराचे दोन फाटे जिथे फुटतात त्या टोकावरच हे गाव वसले आहे. तिथे रेल्वे जात नाही. समोरच्या पूर्व काठावरच्या वारेन्नाला मात्र मिलानच्या मुख्य स्टेशनावरून थेट गाडी आहे आणि ती एक तास व वर काही मिनिटांत पोचवते. वारेन्नाहून बेलाज्जो बोटीने पंधरा मिनिटांवर आहे, तर पश्चिम काठावरचे मेनाज्जोही त्याच बोटींच्या फेऱ्यांत येते. म्हणून पायांत बळ असलेल्यांनी मुक्काम वारेन्नाला करावा. ज्यांना काठाने सपाट फिरता यायला हवे त्यांनी मेनाज्जो घ्यावे, आणि बेलाज्जोला सकाळी लवकर जाऊन परत यावे. वारेन्नाजवळ फ्युमेलात्ते नावाची जेमतेम अडीचशे मीटर लांबीची नदी आहे. नावाचा अर्थ दुधाची नदी, आणि फेसाळत सरोवरात उतरणारे ते पाणी पाहिले की नाव पटते. ती हिवाळ्यात कोरडी असते.

कोमो हे शहर सरोवराच्या पश्चिमेकडच्या फाट्याच्या दक्षिण टोकाला आहे. विजेच्या बॅटरीचा शोध लावणाऱ्या व्होल्टाचे हे जन्मगाव असून त्याच्या स्मरणार्थ 1927 साली बांधलेले संग्रहालय काठावरच उभे आहे. शहर सपाट असल्यामुळे वृद्धांना सोयीचे आहे. मात्र तिथून साध्या बोटीने बेलाज्जोला जायला सुमारे दोन तास लागतात. जलद बोट त्याहून निम्म्या वेळात जाते, पण तिचे तिकीट महाग असते आणि तिच्यात उघड्यावर बसता येत नाही. सुटी घेऊन इतक्या लांब आल्यावर मला तरी साधी बोटच बरी वाटते.

बोटींचे वेळापत्रक वाचायला घरीच शिकावे. तापोळ्याला आपण बोट ठरवतो आणि मग ती निघते. इथे बोट घड्याळाप्रमाणे सुटते. तक्त्यात 'फेरियाले' आणि 'फेस्तिवो' असे दोन शब्द दिसतात. पहिल्याचा अर्थ कामाचे दिवस, त्यांत शनिवारही आला. दुसऱ्याचा अर्थ रविवार आणि सुट्या. पहिला शब्द सुटीसाठीच्या 'फेरिए' या इटालियन शब्दासारखा ऐकू येत असल्याने मी नेमके उलटे समजले आणि सासूबाईंसह धक्क्यावरच्या बाकावर पाऊण तास बसून राहिले. 25 एप्रिल, 1 मे आणि 2 जून या तारखांना तिथे सुटी असते, हेही टिपून ठेवावे. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, हे जातानाच पाहावे.

लहान मुले बरोबर असतील, किंवा प्रवासाचा पुढचा टप्पा व्हेनिस असेल, तर गार्दा निवडावे. सुमारे 370 चौरस किलोमीटरचे हे इटलीतले सर्वांत मोठे सरोवर आहे, आणि त्याच्या दक्षिण काठावरची देझेन्झानो व पेस्किएरा ही दोन्ही गावे मिलान-व्हेनिस रेल्वेमार्गावरच आहेत. देझेन्झानोत राहून सिरमिओनेला बोटीने जावे. पाण्यात घुसलेल्या चिंचोळ्या भूशिरावरचे हे गाव, त्याच्या वेशीवरचा किल्ला आणि टोकाला असलेले रोमन वाड्याचे अवशेष हे सारे अर्ध्या दिवसात होते. दुपारच्या गर्दीत मात्र त्या गल्ल्यांत उभे राहणे नकोसे होते. उत्तरेकडे सरोवर अरुंद आणि कडे उंच होत जातात. तिथल्या मालचेसिनेहून फिरत्या डब्याचा रोपवे माँते बाल्दोवर सुमारे 1,760 मीटरपर्यंत, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटहूनही तीनशे मीटर वर नेतो. याच गावात 1786 साली किल्ल्याचे चित्र काढत बसलेल्या जर्मन कवी गटेला लोकांनी हेर समजून हटकले होते.

माज्जोरेवर स्ट्रेसा घ्यावे; मिलानहून रेल्वे तासाभरात येते. समोरच्या बोर्रोमेओ बेटांपैकी इझोला बेल्लावरचा प्रासाद आणि पायऱ्यापायऱ्यांची बाग यांसाठी एक पूर्ण सकाळ द्यावी. सरोवराचे उत्तर टोक स्वित्झर्लंडमध्ये असले, तरी तो देशही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. ओर्ता आणि इझेओ ही लहान सरोवरे दुसऱ्या खेपेसाठी ठेवावीत. इझेओतल्या मोंते इझोला बेटावर पर्यटकांच्या मोटारी नेऊ देत नाहीत, एवढ्या एका कारणासाठी मला ते फार आवडते.

आपल्या शाळांची मे महिन्याची सुटी सरोवरांसाठी उत्तम आहे: बागा फुललेल्या असतात आणि ऑगस्टची गर्दी अजून दूर असते. दिवाळीत जाणार असाल तर निवड बदलावी. ऑक्टोबरच्या अखेरीस बोटींच्या फेऱ्या कमी होतात, आणि नोव्हेंबर सुरू झाला की लहान गावांतली कित्येक हॉटेले व बागा मार्चपर्यंत बंद राहतात. अशा वेळी कोमो किंवा देझेन्झानो यांसारखे बारमाही वस्तीचे गाव घ्यावे, म्हणजे संध्याकाळी निदान दुकाने उघडी सापडतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि जिथे सर्वांत अधिक दिवस राहायचे त्या देशाकडे तो करायचा असतो. त्यासाठी मुक्कामाचे पुरावे लागतात, म्हणून रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हिताचे ठरते, कारण रिसोत्तोत, म्हणजे तिथल्या मऊ भातात, मांसाचा रस्सा असू शकतो आणि पार्मेजान चीजमध्ये वासराचे रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी त्याच्या जठरातून काढलेले विरजण, असते. सांगलीचे भडंग बॅगेत जरूर न्यावे. कंदी पेढे मात्र घरीच संपवून निघावे, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे.