रात्रीची ग्रुप राइड: पुणे ते पाचगणी सायकलने जाताना या चुका टाळा

रात्री दहाला स्वारगेटहून निघायचं. कात्रजचा जुना घाट, शिरवळ, खंबाटकी, सुरूर, वाई, आणि उजाडता उजाडता पसरणी घाट चढून पाचगणी. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. थंडी पडली की पुण्यातले सायकलवाले अशी एखादी रात्र काढतातच. स्पर्धा नसते, पदक नसतं, बीआरएमसारखी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसारखी, वेळेची मर्यादाही नसते. बीआरएममध्ये अंधार पडल्यावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि पुढचा-मागचा दिवा सक्तीचा असतो. मित्रांच्या राइडला अडवणारं कोणी नसतं, म्हणून दर हिवाळ्यात नवे चेहरे येतात आणि त्याच जुन्या चुका करतात.

खोक्यावरचे तास खरे मानणं

सगळ्यात जास्त राइड्सची वाट लागते ती दिव्यापायी. दिव्याच्या खोक्यावर ‘१००० ल्युमेन’ (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि ‘८ तास’ असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. दोन्ही खरे, पण एकाच वेळी नाहीत. हजार ल्युमेन फुल मोडवर मिळतात आणि तिथे बॅटरी दीड-दोन तासांत बसते. आठ तास मिळतात ते सगळ्यात मंद मोडवर, ज्यात पुढचा खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं. दिवा दोन-तीन वर्षं जुना असेल तर त्यातूनही वजाबाकी करा. आणि अंधार किती? दहाला निघालात तर थंडीत साडेसहापर्यंत, म्हणजे सरळ साडेआठ तास.

एका गटातल्या नव्या गड्याने रस्ता दिवसासारखा दिसला पाहिजे म्हणून स्वारगेटपासूनच फुल मोड लावला. शहरात, खांबांवरचे दिवे चालू असताना! कात्रजचा घाट चढताना बॅटरी संपत आल्याची लाल खूण लुकलुकायला लागली, तरी तो थांबला नाही. माथ्यावरून उतार सुरू झाला आणि तिसऱ्या वळणाच्या आधी दिवा पटकन विझला. त्याच्या मागे जो होता, त्याने रबराने हँडलला मोबाईल बांधून टॉर्च लावला होता आणि तो पुढच्याच्या उजेडावर चालला होता. पुढचा दचकून ब्रेकवर उभा राहिला, मागचा त्याच्यावर जाऊन आदळला. गुडघे सोलवटले, पुढचं चाक वाकून आठच्या आकड्यासारखं झालं, आणि बाकीचा गट घाटाखाली गाडीची वाट बघत दीड तास कुडकुडत बसला. दोघांपैकी एकाकडे जरी सुटी बॅटरी असती तरी हे टळलं असतं.

दिवा वाटून वापरायचा असतो. शहरात मंद मोड. महामार्गावर मधला, दीडशे-दोनशे ल्युमेन पुष्कळ होतात. चढावर वेग ताशी सात-आठ असतो, तिथे परत मंद. फुल मोड फक्त कात्रजचा बोगदा ओलांडल्यावरचा शिंदेवाडीपर्यंतचा उतार आणि खंबाटकीची पलीकडची बाजू यांच्यासाठी राखून ठेवा. आधीच्या आठवड्यात दिवा पूर्ण चार्ज करून घरीच मधल्या मोडवर लावा आणि किती वेळाने मरतो ते घड्याळात बघा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून दिव्याला चिकटवला तर उत्तम. पॉवरबँकेच्या भरवशावर असाल तर केबल जोडलेली असताना दिवा चालतो का, तेही घरीच तपासा. बरेच दिवे चार्जिंगला लावले की बंद पडतात, नाहीतर आपोआप मंद होतात. डोक्यावरचा छोटा टॉर्च मात्र हवाच, पंक्चर काढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

मागच्या दिव्याची गंमत वेगळी. एकटे असाल तर लुकलुकणारा मोड ठीक. गटात पंधरा लाल दिवे लुकलुकायला लागले की मागच्याचं डोकं फिरतं आणि पुढच्यापासूनचं अंतर कळेनासं होतं. गटात सगळ्यांचे स्थिर आणि मंद, फक्त सगळ्यात शेवटच्याचा लुकलुकता. आणि दिवा सीट-बॅगेखाली, लोंबणाऱ्या जॅकेटखाली झाकला गेलेला नाही ना, हे दुसऱ्याला मागून बघायला सांगा. रिफ्लेक्टिव्ह जॅकेटवर सॅक लटकवली की जॅकेट घातलं काय, न घातलं काय, सारखंच. घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधा. पेडलबरोबर ती वर-खाली होते आणि ट्रकवाल्याला हा माणूस आहे हे लांबूनच कळतं.

पुढच्याने पुढे निघून जाणं

दुसरी चूक पाय मजबूत असणाऱ्यांची. कात्रज उतरल्यावर शिरवळपर्यंत रस्ता सोपा, रात्रीची गार हवा, मग काय, अठ्ठावीस-तीसचा वेग! नवखे त्यांच्या मागे जीव तोडून पळतात आणि खंबाटकीच्या पायथ्याशीच त्यांच्या मांड्या भरून येतात. या राइडला सपाटीवर सतरा-अठराचा वेग पुरे. थांबे धरून सरासरी ताशी बारा-तेरा पडते, म्हणजे सहा-साडेसहाला पाचगणी. त्याहून लवकर पोचून करणार काय? चहाची टपरीसुद्धा उघडलेली नसते.

गट तुटायची हक्काची जागा म्हणजे सुरूर फाटा. महामार्ग सोडून वाईकडे वळायचं असतं, रात्री पाटी चटकन दिसत नाही आणि खंबाटकीचा उतार संपल्याच्या आनंदात पाय थांबत नाहीत. एका राइडला पुढचे चौघे वळून गेले, मधले पाचजणही त्यांचे लाल दिवे बघून वळले. मागे राहिलेल्या दोघांना कोणीच दिसलं नाही, ते सरळ साताऱ्याच्या दिशेने गेले. एकाचा फोन बंद, दुसऱ्याचा सॅकच्या तळाशी. भुईंज मागे टाकल्यावर त्यांना शंका आली. पाचवडहून वाईला रस्ता आहे म्हणून निभावलं, पण वाईत बाकीचे तासभर खोळंबले आणि एकमेकांवर चिडले ते वेगळंच.

यावर व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन हा उपाय नाही. चालत्या सायकलवर ते कोण बघतं, आणि बॅटरी खातं ते निराळं. उपाय जुनाच आहे. वळणावर आलेला माणूस त्याच्या मागचा डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलायचा नाही, मग मागच्याने थांबायचं, असं शेवटपर्यंत. निघताना प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि प्रत्येक थांब्यावर मोठ्याने नंबर म्हणून घ्यायचे. शाळेच्या सहलीसारखं वाटतं, वाटू दे. सगळ्यात मागे राहणारा माणूस हा गटातला सगळ्यात दमदार हवा, पंप आणि हत्यारं त्याच्याकडे, आणि त्याच्या पुढे असलेल्याला कोणी ‘चल रे लवकर’ म्हणायचं नाही. लोक नेमका उलटा प्रकार करतात. दमलेला आपोआप मागे राहतो आणि त्यालाच ‘तू शेवटचा’ म्हणून सोडून देतात.

थांबायचं तर पेट्रोल पंपावर, ढाब्याच्या आवारात, उजेडात. पांढऱ्या पट्टीवर सायकली टेकवून सेल्फी काढणाऱ्यांना काय म्हणावं ते छापता येणार नाही.

हाताच्या खुणा रात्री कोणाला दिसत नाहीत. तोंडाने ओरडा: ‘खड्डा डावीकडे’, ‘ब्रेकर’, ‘थांबतोय’, ‘मागून गाडी’. आणि ओरडलेलं मागच्याने पुढे पोचवायचं. कानात इअरफोन घालून आलेल्याला निघण्याआधीच काढायला लावा, नाहीतर घरी पाठवा.

पंक्चर काढलं, तार तशीच ठेवली

महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असतात. त्यातल्या केसाएवढ्या पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये घुसतात आणि तिथेच राहतात. घाईत माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो, आणि दोन किलोमीटरवर परत फुस्स. दोष ट्यूबच्या कंपनीला.

ट्यूब काढली की आधी तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधा. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवायची सवय असेल तर ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये तार. ट्यूब उलटी धरली गेली असेल म्हणून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तपासा. बोट फिरवू नका, कापतं. कापसाचा बोळा किंवा जुना मोजा आतून फिरवा, तारेत तंतू अडकतो. मग तार छोट्या चिमट्याने ओढायची. नखाने निघत नाही, तुटून आत राहते. म्हणून चिमटा हत्यारांच्या पिशवीत कायमचा.

रात्री रस्त्याच्या कडेला पॅच मारत बसू नये. ट्यूब बदला, फुटलेली खिशात टाका, ढाब्याच्या उजेडात पॅच मारा. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. ‘कोणाकडे तरी असेल’ हे वाक्य ऐकलं की समजावं, याच्याकडे नाही. गटात ७०० बाय २८ वाले असतात, २७.५ वाले, २९ वाले असतात, एकाची ट्यूब दुसऱ्याला होईलच असं नाही. व्हॉल्व्हही बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हच्या भोकात वेळेला बसतो, उलटं जमत नाही. चाकाला क्विक रिलीज (हातानेच चाक सोडवायचा खटका) नसेल तर १५ नंबरचा पाना लागतो, आणि तो मल्टिटूलमध्ये नसतो. पॅच चिकटवायच्या सोल्युशनची एकदा फोडलेली ट्यूब काही महिन्यांत आतल्या आत वाळते. निघण्याआधी दाबून बघा.

हवेचं माप: २८ मिमी रुंद टायरला ७०–८० पीएसआय, ३२ ला साठ-पासष्ट, जाड एमटीबी टायरला पस्तीस-चाळीस. छोट्या पंपाने एवढी भरायला शे-दोनशे वेळा दांडा हलवावा लागतो, कंटाळून निम्म्यावर सोडलं की पुढच्या खड्ड्यात रिम ट्यूबला चावते.

पोट

रात्री ढाब्यावर तर्रीदार मिसळ किंवा पनीर-नान हाणायचं आणि लगेच खंबाटकी चढायची, हा प्रकार बंद करा. पोटात जड, पायात काही नाही. दर पाऊण तासाला थोडंथोडं: राजगिरा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. गारव्यात तहान लागत नाही, तरी तासाला निदान अर्धा लिटर पाणी जायला हवं.

ओआरएसचं एक. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. सायकलची बाटली सहाशे-साडेसातशे मिलीची. त्यात अख्खं पाकीट ओतून पिणारे पहाटे मळमळतंय म्हणतात आणि केळ्याला दोष देतात. अर्धं पाकीट टाका, उरलेलं रबर लावून ठेवा. आणि दुसरी बाटली साध्या पाण्याचीच असू द्या.

बाकीच्या, एकेका ओळीत

नवं सीट, नवे बूट, नवी क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवायची तळव्याची पट्टी): या राइडला नको. गिअर आदल्या दिवशी दुकानातून सेट करून आणले असतील तर निघण्याआधी एक चढ मारून बघा, नवी केबल ताणून ढिली पडते. आणीबाणीचा ११२, महामार्गाचा १०३३ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे पाठ असू द्या. घरच्या एकाचा नंबर कागदावर लिहून खिशात, कारण लॉक केलेला फोन दुसऱ्याच्या कामाचा नाही. वाईत पहाटे कुत्री मागे लागली तर पळू नका, खाली उतरून सायकल मध्ये धरा, ती आपोआप निवतात.

सुरूर ते वाई या पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर. अंधारात आधी डिझेलचा वास येतो, मग ट्रॉली दिसते. इथे एकामागे एक चालवा, गप्पा वाईत.

तीन ते पाच

झोप या दोन तासांत गाठते, आणि ती येताना सांगून येत नाही. माणूस पेडल मारत असतो, डोळे उघडे असतात, आणि सायकल हळूच पांढऱ्या पट्टीच्या आत सरकते. बोलायचा थांबलेला, दोनदा सरळ रेष सोडलेला माणूस दिसला की सगळ्यांनी थांबायचं. कॉफी आणि त्यावर वीस मिनिटांची डुलकी. कॉफीचा परिणाम साधारण तेवढ्याच वेळाने सुरू होतो. गजर लावून झोपा, नाहीतर वीसची ऐंशी होतात. खरी तयारी दुपारी दोन तास झोपून करायची असते. शनिवारी दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला हजर होणाऱ्यांच्या उत्साहाचं कौतुक करायची पद्धत बंद व्हायला हवी.

वाईहून पाचगणी म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरची चढण, बारा-तेरा किलोमीटरमध्ये. पहिल्या वळणापासून सगळ्यात हलका गिअर लावा, ‘पुढे लागेल’ म्हणून राखून ठेवायचं काही नाही. विंडचीटर चढताना काढून ठेवा, आत घाम साचतो आणि माथ्यावर तोच घाम गार पडून दात वाजतात. वर पोचल्या पोचल्या, सूर्योदयाचे फोटो काढायच्या आधी, कोरडा टीशर्ट आणि मग विंडचीटर.

परत सायकलने येऊ नका. रात्रभर जागलेल्या माणसाने घाट उतरायचा नसतो, कारही चालवायची नसते. टेम्पो आधीच ठरवा, ड्रायव्हर रात्री झोपलेला असेल हेही बघा. टेम्पोत सायकली आडव्या टाकायची वेळ आली तर चेनची बाजू वर, मध्ये जुनी चादर किंवा पुठ्ठा, पेडल दुसऱ्याच्या स्पोकमध्ये नको. हायड्रॉलिक डिस्कब्रेकच्या सायकलचं चाक काढलं असेल तर ब्रेक दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत शिरत नाही. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. स्वारगेटला उतरवल्यावर चाक घट्ट बसलंय का आणि ब्रेक लागतो का हे बघूनच घरचा रस्ता धरा.