गाडीत पाणी येत होतं, त्याची गोष्ट

जुलैत चिपळूणला एका रात्रीच्या पावसानंतर ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचं मॅट पचपचीत भिजलेलं. आधी संशय एसीच्या नळीवर. पण एसी चार दिवस बंदच होता, म्हणजे पाणी पावसाचंच.

दहाची नोट दाराच्या रबरात धरून दार लावलं आणि ओढली. सगळीकडे घट्ट, वरच्या पुढच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. मग पुतण्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बागेच्या नळीनं बारीक धार खालून वर मारत गेलो. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळंच ओलं होतं, मूळ जागा कळत नाही. कोपऱ्याशी पोचताच आतून ओरडा, "काका, आलं!"

रबर पत्र्याच्या कडेवरून निसटलं होतं, आतल्या खाचेत चिखल. ते उपसून शाम्पूच्या पाण्यानं पुसलं, वाळवलं, कोपऱ्यापासून तळव्यानं ठोकत परत बसवलं. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. ऑइल किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. (शेजारचे काका खोबरेल सुचवत होते.)

दाराच्या खालच्या कडेची भोकंही बुजलेली निघाली. झाडूची काडी घातली तर कपभर गढूळ पाणी बदाबदा. काचेवरून दारात उतरणारं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

गळती तासाभरात थांबली. कार्पेट वाळायला तीन दिवस, आणि कुबट वास अजून थोडा आहेच.