‘कॉल ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं नव्हे: फ्रेझल व्हर्बच्या या चुका टाळा

फ्रेझल व्हर्ब म्हणजे इंग्लिश क्रियापद आणि त्याला चिकटलेला अप, ऑफ असा छोटा शब्द. त्यातलं क्रियापद ओळखीचं दिसलं की अर्थही ओळखीचाच असणार, हा समज सगळ्या घोळाचं मूळ आहे. पुट म्हणजे ठेवणे, ऑफ म्हणजे बंद, म्हणून पुट ऑफ म्हणजे बंद करून ठेवणे! दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, एकदम इंग्लिशमध्ये येऊन पडलेली बेळगावजवळच्या खानापूर, येळ्ळूर, कंग्राळीची मुलं ही बेरीज दर वर्षी न चुकता मांडतात. ‘नको ते करून बसला’ म्हणताना मात्र कुणी खाली बसलेलं नसतं, हे त्यांना बरोबर कळतं. कन्नडमध्ये ‘माडिबिडु’ म्हणतानाही कुणी काही सोडत नाही. दोन भाषांत ज्याची सवय आहे, तेच तिसरीत आलं की घाम का फुटावा? फरक आहे तो एवढाच, की आपल्याकडे जोडीला दुसरं क्रियापद येतं आणि मूळ अर्थ बहुतेक टिकतो. इंग्लिशमध्ये अप, ऑफ, आउट असलं चिमुकलं काहीतरी येतं आणि पुष्कळदा आख्खा अर्थच फिरवतं. गिव्ह म्हणजे देणे, पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे.

आता कॉल ऑफ. एका गल्लीतल्या मंडळाने टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा ठेवली होती. आदल्या दिवशी वळीव असा कोसळला की मैदानात भात लावता आला असता. स्पर्धा पुढच्या रविवारी घ्यायची ठरली. गोव्याहून दोन संघ यायचे होते, त्यांना रुबाबात इंग्लिशमध्ये निरोप गेला: ‘टुर्नामेंट इज कॉल्ड ऑफ ड्यू टू रेन.’ पुढच्या रविवारी मैदान कोरडं, मांडव उभा, माइकवर नावांचा पुकारा चालू, आणि गोवेकरांचा पत्ता नाही. फोन केला तर ते म्हणाले, ‘तुम्हीच रद्द केली ना? एंट्री फी परत कधी देता?’ निरोप लिहिणारा माझाच जुना विद्यार्थी. त्याचं म्हणणं, ‘सर, टीव्हीवर पाऊस आला की तसंच म्हणतात की ओ!’ म्हणतात, पण ती मॅच त्या दिवशी पुन्हा व्हायचीच नसते म्हणून. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. एका शब्दापायी दोन संघ गेले आणि जेवणाची ऑर्डर अंगावर आली. माझा साधा नियम आहे: खात्री नसेल तर सरळ पोस्टपोन किंवा कॅन्सल लिहावं. फ्रेझल व्हर्ब वापरला नाही म्हणून कुणी मार्क कापत नाही.

दुसरी चूक बायोडेटातली: ‘आय पास्ड आउट इन 2022.’ मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमुळे पासिंग आउट परेड बेळगावात घरोघरी ठाऊक आहे, आणि लष्करी प्रशिक्षणाच्या बाबतीत तो प्रयोग अगदी बरोबर आहे. कॉलेजच्या डिग्रीसाठी तो भारतात चालून जातो. परदेशी कंपनीतला माणूस मात्र वाचतो, की हा 2022 साली बेशुद्ध पडला. ग्रॅज्युएटेड लिहा, विषय संपला.

पाठ करायला यादी मागणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. ‘सर, दोनशे फ्रेझल व्हर्बची पीडीएफ द्या.’ यादीतले टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक आफ्टर एकाखाली एक पाठ केले की परीक्षेच्या हॉलमध्ये तिघांची खिचडी होते. मी एका वेळी एकच देतो आणि त्यावर घरातलं खरं वाक्य लिहायला लावतो. ‘आजी बाळाला सांभाळते’ म्हणून लुक आफ्टर शिकलेली मुलगी तो जन्मात विसरत नाही. रील्स बघून महिन्यात फाडफाड इंग्लिश बोलू पाहणाऱ्यांना एवढा धीर नसतो. त्यांनी दुसरा क्लास बघावा.

डिक्शनरी उघडतात तेही पहिला अर्थ वाचून मिटतात. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनरीत फ्रेझल व्हर्ब त्या क्रियापदाच्या नोंदीत अगदी शेवटी असतात. तिथे समथिंग हा शब्द कुठे बसवलाय तेही बघा. पुट समथिंग ऑफ असं मध्ये असेल, तर इट, देम मध्येच येतात: पुट इट ऑफ. ‘पुट ऑफ इट’ चूक. लुक आफ्टर समबडी असं शेवटी असेल, तर तोडायचं नाही.

बाकीच्या किरकोळ. उद्यमबागेतल्या कारखान्यातलं मशीन बंद पडलं तर ते ब्रोक डाउन. ब्रेक अप प्रेमात होतो. मीटिंगला हजर राहणं म्हणजे अटेंड, तक्रारीकडे लक्ष देणं म्हणजे अटेंड टू. डिस्कसच्या मागे अबाउट नको, रिटर्नच्या मागे बॅक नको, आणि कोप विथ पुरे, त्यात अप कोंबू नका. लुक फॉरवर्ड टू नंतर मीट नाही, मीटिंग. पत्राच्या शेवटच्या ओळीत ही चूक हमखास असते, कारण ती ओळ दुसऱ्याच्या पत्रातून उतरवलेली असते.