शोसाठी जुन्या गाडीचा रंग कसा तयार करावा

संत्र्याची साल नागपुरात कौतुकाची, गाडीच्या रंगावर मात्र दोषच. बॉनेटमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. कड थरथरीत दिसली तर साल आहे, म्हणजे रंग सालीसारखा उंचसखल बसलाय.

ती काढायला घासायचा पेपर मारण्याआधी रंगाची जाडी मोजण्याच्या मीटरने प्रत्येक पत्रा तपासा. आजूबाजूला 150 मायक्रॉन आणि मध्येच 1000च्या वर आकडा आला, तर खाली पुट्टी भरलेली आहे. 100च्या खाली असेल तिथे पेपर लावूच नका, फक्त पॉलिश करा.

2000 नंबरचा वॉटरपेपर साबणाच्या पाण्यात भिजवून रबरी ठोकळ्यावर हलक्या हाताने फिरवा. मग 3000, कंपाउंड (ओरखडे घालवणारी पेस्ट), शेवटी बारीक पॉलिश. कडांवर रंग पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावा, नाहीतर प्रायमर उघडा पडेल. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेल्या जुन्या रंगावर पॉलिशच्या पॅडला गाडीचाच रंग लागतो. घाबरायचं कारण नाही.

मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळतं आणि रेघा पडतात, म्हणून काम पहाटे, सावलीत. बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका; पांढरे डाग बसतात.

शोच्या सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणं ही सगळ्यात महागडी चूक. आधी डिटेलिंग स्प्रे (पुसण्याआधी रंगावर मारायचा फवारा) मारा, मग स्वच्छ मायक्रोफायबरने एकाच दिशेने टिपा.