परीक्षेचा अभ्यास: वाचण्यापेक्षा आठवण्यावर भर कसा द्यावा

महाविद्यालयीन परीक्षेच्या तयारीत बहुतेक विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ धडा पुन्हा पुन्हा वाचण्यात आणि ओळींवर हायलायटर फिरवण्यात जातो. तिसऱ्या वाचनापर्यंत मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ‘हे आपल्याला येते’ असा समज होतो. परंतु समोर आलेले ओळखणे वेगळे आणि समोर काहीही नसताना आठवणे वेगळे, आणि परीक्षेत कस लागतो तो आठवण्याचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा चार सत्रे वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकच सत्र वाचून पुढील तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र त्या गटाला सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला.

म्हणून पहिली सवय लावावी ती पुस्तक मिटून लिहिण्याची. अर्थशास्त्रातील ‘मागणीची लवचीकता’ हा घटक वाचून झाला, की पुस्तक बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर व्याख्या, प्रकार, आकृत्या आणि लवचीकता ठरवणारे घटक आठवतील तसे लिहावेत. समजा, वस्तूचे स्वरूप आणि ग्राहकाचे उत्पन्न लिहून झाले, पण पर्यायी वस्तूंची उपलब्धता हा मुद्दा सुचलाच नाही, तर लगेच पुस्तक उघडू नये. दोन-तीन मिनिटे डोक्याला ताण द्यावा आणि मगच पडताळून पाहून सुटलेले मुद्दे वेगळ्या रंगाने भरावेत. पुढच्या उजळणीत अख्खा धडा वाचण्याची गरज उरत नाही, कारण नेमके काय कच्चे आहे ते त्या रंगावरून कळते. सुरुवातीला हा प्रकार कंटाळवाणा आणि काहीसा निराश करणाराही वाटतो. तरीही तो सोडू नये, कारण आठवताना होणारी ही ओढाताणच स्मरण पक्के करते.

दुसरी बाब उजळणीतील अंतराची आहे. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते. एकाच घटकावर सलग चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास आज, दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी असे विभागून दिल्यास लक्षात राहण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे वेळापत्रक आखताना नव्या घटकांआधी उजळणीचे तास राखून ठेवावेत; आधी नवे भाग भरले, तर उजळणी हमखास मागे पडते.

गणित, सांख्यिकी किंवा लेखाशास्त्र यांसारख्या विषयांत एकाच पद्धतीची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्याऐवजी निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळून घ्यावीत. प्रश्नपत्रिकेत कोणते सूत्र वापरायचे हे कोणी सांगत नाही, ते स्वतःला ठरवावे लागते, आणि नेमका हाच सराव एकसुरी उदाहरणसंग्रहातून होत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका केवळ ‘काय येऊ शकते’ याचा अंदाज बांधण्यासाठी चाळणे पुरेसे नाही. किमान दोन प्रश्नपत्रिका तरी घड्याळ लावून, हाताने लिहून, पूर्ण वेळेत सोडवाव्यात. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

जागरणाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. दिवसभरात शिकलेले झोपेत पक्के होत असते. रात्रभर जागून दोन प्रकरणे जास्त उरकली, तरी अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी एकाग्रता घटते आणि आधीचा पक्का अभ्यासही ऐन वेळी आठवत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन प्रकरण उघडू नये. वेगळ्या रंगाने भरलेले मुद्दे तेवढे पुन्हा एकदा न पाहता लिहून काढावेत आणि नेहमीच्या वेळी झोपावे.